सातू : नाव मोठे, लक्षण कसे?

श्रोतेहो, होळी आटोपली, उन्हं तापू लागली, की अमरावती-अकोल्याकडच्या घरांतून गहू आणि डाळ भाजल्याचा खमंग वास येतो. सातूचे दिवस आले, हे कोणी सांगावे लागत नाही. सकाळी वाटीभर पीठ गुळाच्या पाण्यात कालवायचे, वर चमचाभर तूप किंवा थोडे दूध घालायचे, की न्याहारी तयार. चूल नको, तवा नको. आणि या सातूची कीर्ती तरी केवढी! सातू थंड, सातू पोटभर, सातू ताकदीचा. लेकराला सातू देऊन आई दुपारपर्यंत निर्धास्त होते, आणि सातू खाऊन मजूर भर उन्हात कामाला जातो. दोघांचाही भरवसा या कीर्तीवर आहे. तो कितपत ठेवावा, हे आज पाहू.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. मराठीत सातू म्हणजे जव हे धान्य, आणि सातू म्हणजे भाजक्या धान्याचे पीठही. मूळ संस्कृत शब्द ‘सक्तु’. सक्तू चाळणीने चाळतात, असा दाखला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे. महाभारतातील अर्ध्या सोनेरी अंगाच्या मुंगसाची गोष्ट शिक्षकांना ठाऊक असेलच. गरीब ब्राह्मणाने अतिथीला दिलेले जे अन्न धर्मराजाच्या अश्वमेधाहून मोठे ठरले, तेही सक्तूच. बिहारकडे हरभऱ्याचा सातू चालतो. आपल्या वऱ्हाडात मात्र गहू आणि हरभऱ्याची डाळ यांची जोडी असते. जुनेपणाच्या बाबतीत सातूच्या नावाला बट्टा नाही.

आता तो होतो कसा? गहू ओलवून कांडतात, कोंडा पाखडतात, वाळवून भाजतात. त्यात फुटाण्याची डाळ, थोडे जिरे, सुंठ, वेलदोडा घालून बारीक दळतात. प्रमाण घरोघर वेगळे, पण दोन वाट्या गहू आणि एक वाटी डाळ असा साधारण हिशोब धरू. कच्ची कणीक पाण्यात कालवून कोणी खात नाही, मग सातू कसा चालतो? कारण शिजवण्याचे बरेचसे काम भाजतानाच झालेले असते. भाजल्याने धान्यातली ओल जाते, किडे व त्यांची अंडी मरतात, पीठ पचायला हलके होते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. कोंडा जितका जास्त पाखडाल, तितके लोह, चोथा आणि ब जीवनसत्त्वे उकिरड्यावर जातात. पांढराशुभ्र सातू दिसायला छान, पण थोडा कोंडा राहिला तर तोच बरा.

पहिला दावा ताकदीचा. साठ ग्रॅम सातू घ्या, म्हणजे ४० ग्रॅम गहू आणि २० ग्रॅम डाळ. त्यात सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय गव्हाच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो हरभऱ्यात भरपूर असतो. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. आपल्या आजीबाईंनी ही जोडी कोणत्या प्रयोगशाळेत जमवली नव्हती, पण जमली ती नेमकी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अशक्त बालकांसाठी ‘हैदराबाद मिक्स’ नावाचे मिश्रण सुचवले. त्यात भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम असतो. म्हणजे आपला सातूच, फक्त शेंगदाणे जास्तीचे! ताकदीचा दावा या कसोटीला उतरला.

दुसरा दावा पोटभरीचा. येथे जरा थांबावे लागते. साठ ग्रॅम सातू आणि २० ग्रॅम गूळ मिळून पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिने आणि १७०० कॅलरी लागतात, असे २०२० सालची राष्ट्रीय शिफारस सांगते. म्हणजे एका वाटीत दिवसाच्या प्रथिनांचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा मिळतो, पण ऊर्जेचा जेमतेम सहावा. न्याहारी म्हणून हे उत्तमच, चहा-बिस्कुटापेक्षा किती तरी उजवे. पण जेवणाच्या जागी सातू चालणार नाही. ज्याला दिवसभर कुदळ-फावडे चालवायचे, त्याला ३५०० कॅलरींच्या घरात अन्न लागते. त्याला ही वाटी दिवसाच्या गरजेचा दहावा हिस्साही देत नाही. सातूने भूक मरते, कारण हरभरा सावकाश पचतो आणि पीठ पाण्याने फुगते. भूक मरणे वेगळे आणि शरीराची गरज भागणे वेगळे. म्हणून हैदराबादकरांचे शेंगदाणे आपणही उचलावेत. मूठभर भाजलेल्या दाण्यांचा कूट सातूत घातला, की ऊर्जा वाढते. काळे पडलेले, बुरशीचे दाणे तेवढे निवडून फेकावेत. त्यांत विष असते.

तिसरा दावा थंडाव्याचा. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा थंड या शब्दालाच मोल येते. पण कोणतेही पीठ अंगाची उष्णता ओढून घेत नाही. थंडावा येतो तो सातूबरोबर पोटात जाणाऱ्या पाण्याने. शिवाय घरात चूल पेटत नाही, पोटात तेल-तिखट जात नाही. म्हणजे श्रेय पाण्याचे आणि नाव सातूचे! सातू घट्ट कालवून वर पाणीच प्यायले नाही, तर ऊन बाधणारच. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून गोड सातूत चिमूटभर मीठ घालावे. साखरेच्या सोबतीने आतड्यातून मीठ आणि पाणी लवकर शोषले जाते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणीच मचूळ आहे, तिथे वरचे मीठ नको. आणि कोणाला ऊन लागून भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले, तर सातू पाजत बसू नये. सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि तडक दवाखाना गाठावा.

सगळ्यांत मोठा धोका पिठात नाही, पाण्यात आहे. सातू चुलीवर चढत नाही, म्हणून पाण्यातले जंतू जसेच्या तसे पोटात जातात. उन्हाळ्यात पाणी खोल जाते, टँकर येतो, हगवण पसरते. अशा वेळी सातूचे पाणी रात्रीच उकळून माठात निववून ठेवावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, सातूचे पाणीही नाही. त्यानंतर द्यायचा, तर पेजेसारखा शिजवून द्यावा.

गुळाबद्दलही थोडे सांगायला हवे. गुळात लोह असते हे खरे, पण दोन चमच्यांत ते अगदीच थोडे. खरे लोह गव्हात आणि डाळीत आहे, आणि ते अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. वरूड-मोर्शीकडची मृग बहाराची संत्री मार्च-एप्रिलपर्यंत मिळतात. सातूसोबत एखादे संत्रे, नाहीतर लिंबाची फोड असावी. लगेच वर चहा घेऊ नये. चहा लोहाला अडवतो. मधुमेही माणसाने गूळ देशी म्हणून निर्धोक समजू नये. गुळाने साखर वाढतेच. त्याने ताक, मीठ आणि जिरे घालून सातू प्रमाणात खावा. आणि पीठ महिनाभराचेच दळावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. उन्हाळ्यात ते खवट होते, पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशोब वर्गात करून घ्यावा. मुलांनी घरचे प्रमाण विचारून आणावे, तराजूवर ६० ग्रॅम पीठ तोलावे, प्रथिने आणि कॅलरी फळ्यावर मांडाव्यात. गणितही होईल आणि आरोग्यही.

तर श्रोतेहो, सातूचे नाव मोठे आहे आणि लक्षणही खोटे नाही. ताकद गहू-हरभऱ्याच्या जोडीची, थंडावा पाण्याचा, आणि पोटभरी दुपारपर्यंतची. दुपारची भाकरी-भाजी मात्र झालीच पाहिजे.