पुंगळी आधी, रायफल नंतर

घरगुती कारखाने : लेखांक ६

१९६३ साली ब्राउनिंग या अमेरिकी कंपनीने आपली एक शिकारी रायफल नव्या काडतुसासाठी बाजारात आणली. गंमत अशी, की .२२-२५० नावाचं ते काडतूस तेव्हा कुठलीच दारूगोळा कंपनी बनवत नव्हती. रायफल दुकानात, पण तिच्यात घालायचं काय, ते गिऱ्हाइकाने घरी बनवायचं! आणि अशी घरी बनवणारी गिऱ्हाइकं अमेरिकेत भरपूर होती. १९३०च्या दशकापासून हौशी मंडळी आणि छोटे बंदूक-कारागीर हे काडतूस आपापल्या वर्कशॉपात घडवत आले होते. रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या कारखान्यात घेतलं १९६५ मध्ये.

अशा बिनकंपनीच्या काडतुसाला तिकडे ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. घरगुती म्हटल्यावर वाटतं, की माणूस भट्टी पेटवून पितळ ओतत असेल. तसं नाही. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची बंदूक असते, तिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून वेगवेगळी ठासावी लागते. काडतुसात सगळं एकाच डबीत बंद. वाइल्डकॅटवाला यातलं काहीच मुळापासून बनवत नाही. तो बाजारातली तयार पुंगळी घेतो आणि तिचा फक्त आकार बदलतो. पोलादी डायमध्ये दाबून मान बारीक करतो, म्हणजे तीत आणखी बारीक गोळी बसते. नाहीतर खांदा पुढे सरकवून पोट फुगवतो, म्हणजे दारू जास्त मावते. बस्स, एवढंच. पण एवढं केल्याबरोबर ती पुंगळी जगातल्या कुठल्याही रायफलीत नीट बसेनाशी होते, आणि तिच्यासाठी रायफल बांधणं भाग पडतं.

त्यातही नवी बनते ती रायफलीतली पोकळी. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसतं, त्या चेंबरचा साचा म्हणजेच वाइल्डकॅटचा खरा आराखडा. तो ठरतो रीमर नावाच्या हत्याराने. नव्या काडतुसाच्या मापाबरहुकूम धार लावलेला हा पोलादी दांडा लेथवर नळीत थोडा थोडा उतरवत चेंबर कोरायचं. माझ्या मते काडतूस डिझाइन करणं म्हणजे रीमरचं चित्र काढणं. बाकी सगळं त्या चित्राच्या मागून येतं. रायफलीचा अक्रोडी दस्ता किती देखणा आहे यावर पानंच्या पानं लिहिली जातात, पण तो शेवटचा भाग आणि तुलनेने सोपा.

मग माप किती काटेकोर हवं? भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्या माणसाला गो आणि नो-गो गेज, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त मापाचे ठोकळे, सांगायला नकोत. चेंबर कोरल्यावर तीच परीक्षा. चेंबरचं तोंड मागून बंद करणारा बोल्ट गो-गेजवर बंद झाला पाहिजे, नो-गोवर अडला पाहिजे. या दोहोंतला फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा. काडतूस उडतं तेव्हा आत प्रत्येक चौरस इंचावर साठ हजार पौंडांच्या आसपास दाब येऊ शकतो; स्कूटरच्या टायरमधल्या हवेच्या साधारण दोन हजार पट. पितळ त्या क्षणी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटतं, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटं होतं. जागा गरजेपेक्षा सैल असेल तर पुंगळीची पुढची बाजू भिंतीला धरून राहते आणि बूड मागे ताणलं जातं. ताण वाढला की ती बुडाच्या थोडं वर आडवी फाटते, आणि तो वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडासमोर बाहेर पडायला वाट शोधतो. म्हणूनच हे काम कसलेल्या कारागिराचं. नळीवर काडतुसाचं नाव कोरायचं तेही याचसाठी: उद्या दुसऱ्या कुणाच्या हातून त्यात भलतंच काडतूस जाऊ नये.

चेंबरमागे असतो बोल्ट, आणि तो सहसा जुना असतो. महायुद्धांनंतर माउझर आणि स्प्रिंगफील्ड या लष्करी रायफली स्वस्तात विकायला निघाल्या. कारागीर त्यांची नळी काढून टाकत आणि बोल्टसकट मधला सांगाडा ठेवत. जर्मन माउझर काडतुसं आणि अमेरिकी .३०-०६ यांच्या पुंगळीचं बूड जवळजवळ सारख्याच व्यासाचं, सुमारे १२ मिलिमीटर. त्यामुळे एकाच बोल्टच्या तोंडात डझनावारी वाइल्डकॅट बसू शकतात. या योगायोगाशिवाय हा छंद इतका फोफावला असता असं मला वाटत नाही.

या सगळ्याचा एक वंशवेल आपल्याकडच्या वाचकालाही ओळखीचा आहे. जिम कॉर्बेटची आवडती हलकी रायफल .२७५ रिग्बी होती. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ मध्ये ही रायफल त्याला भेट मिळाली, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्याला त्याने टिपलं तेही तिनेच. .२७५ रिग्बी हे लंडनच्या रिग्बी कंपनीने दिलेलं इंग्रजी नाव. काडतूस मूळचं जर्मन, ७ × ५७ माउझर, १८९२ चं. पुढे अमेरिकेत नेड रॉबर्ट्स या बंदूकलेखकाला वुडचक मारायला बारीक, वेगवान गोळी हवी होती. वुडचक म्हणजे शेतात बिळं करणारा गुबगुबीत कुरतडा. त्याने हीच माउझर पुंगळी घेतली आणि तिची मान .२५ इंची गोळीपुरती आवळली. १९३४ मध्ये रेमिंग्टनने किरकोळ फेरफार करून ते .२५७ रॉबर्ट्स या नावाने विकायला काढलं. नंतर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने तीच मान आणखी आवळून .२४३ ला आणली, खांदा जास्त उभा केला, आणि पश्चिमेकडच्या डोंगराळ वुडचकवरून तिला ‘रॉकचकर’ नाव दिलं. या हंटिंग्टनने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत डाय बनवायला सुरुवात केली होती. त्यातून उभी राहिलेली आरसीबीएस ही काडतूस भरायची अवजारं बनवणारी कंपनी आजही चालू आहे.

अर्थात दारू जास्त मावली म्हणून गोळी त्याच प्रमाणात वेगाने जात नाही. जाणकारांचा ठोकताळा असा, की दाब तेवढाच ठेवला तर पोकळी चार टक्के वाढवल्यावर वेग जेमतेम एक टक्का वाढतो. पूर्वी प्रत्येक वाइल्डकॅटवाला आपल्या पिल्लाच्या वेगाचे अचाट आकडे सांगायचा, कारण वेग मोजायचा क्रोनोग्राफ फार थोड्यांकडे असे. हे यंत्र स्वस्त झालं आणि पुष्कळ बढायांची हवा निघाली. पार्कर ओटो ॲक्ली (१९०३–१९८९) हा या क्षेत्रातला सर्वांत प्रसिद्ध कारागीर. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात त्याने बंदूककाम शिकवलं. त्याची ‘इम्प्रूव्ह्ड’ काडतुसं चाळीस अंशांच्या खांद्याची. त्यातली युक्ती झकास: चेंबर कोरतानाच ते असं ठेवायचं, की कंपनीचं साधं काडतूसही त्यात घट्ट बसून सुरक्षित उडेल, आणि उडताना त्याची पुंगळी फुगून आपोआप नव्या आकाराची होईल. घरचं काडतूस संपलं तरी शिकार बुडत नाही. पण हाच ॲक्ली आपल्याच काही सुधारणांबद्दल लिहितो, की यात हाती फारसं लागत नाही. हा प्रामाणिकपणा मला त्याच्या कारागिरीपेक्षा मोठा वाटतो. शिवाय त्याने मुद्दाम टोकही गाठून पाहिलं. हत्तीसाठी योग्य अशा .३७८ वेदरबी मॅग्नमची अजस्र पुंगळी घेऊन तिची मान .२२ च्या चिमुकल्या गोळीपर्यंत चिमटली, आणि त्या काडतुसाला जर्मन वाटेल असं थट्टेखोर नाव दिलं: इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर. लक्ष्य होतं सेकंदाला पाच हजार फुटांचं; गाडी साधारण ४,६०० वर थांबली. इतक्या दारूची इतक्या बारीक भोकातून धग गेली की नळीचा घसा लवकर जळतो, त्यामुळे रोजच्या वापराला ते निरुपयोगीच होतं.

आपल्याकडे हा छंद शक्य नाही, हेही सांगून टाकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर हौसेची शिकारही संपली. कोणत्या गोळीची रायफल लोकांना मिळणार, हे इथे कारागीर नव्हे, सरकार ठरवत आलं. इच्छापूरच्या कारखान्यातली .३१५ स्पोर्टिंग रायफल नागरिकांसाठी काढली गेली, कारण लष्कराची .३०३ त्यांच्या हाती द्यायची नव्हती.

हंटिंग्टनच्या रॉकचकरचं पुढे काय झालं, ती गोष्ट उरली. १९५५ मध्ये रेमिंग्टनने ती .२४४ रेमिंग्टन म्हणून बाजारात आणली. त्याच वर्षी विंचेस्टर या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच व्यासाच्या गोळीचं .२४३ काढलं; त्यामागे वॉरन पेज या शिकारलेखकाचे स्वतःचे वाइल्डकॅट प्रयोग होते. पुंगळी रेमिंग्टनची मोठी, म्हणजे कागदावर तीच सरस. पण रेमिंग्टनने गोळीला फिरवणाऱ्या, नळीतल्या आट्यांचा पीळ बारा इंचांत एक फेरा असा ठेवला, विंचेस्टरने दहा इंचांत एक. गोळी जितकी लांब, तितकी ती सरळ जाण्यासाठी जोरात फिरावी लागते. वुलिचच्या जॉर्ज ग्रीनहिलने याचं सूत्र १८७९ मध्येच मांडलं होतं. रेमिंग्टनच्या डोळ्यांसमोर हलकी गोळी आणि वुडचक होता. गिऱ्हाइकाला मात्र एकाच रायफलीत वुडचकही हवा होता आणि हरिणही, आणि हरिणासाठीची शंभर ग्रेन वजनाची लांब गोळी त्या मंद पिळात स्थिर राहीलच याची खात्री नव्हती. लोक विंचेस्टरकडे गेले. रेमिंग्टनने पीळ नऊ इंचांवर आणला, आणि १९६३ मध्ये तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नव्या नावाने पुन्हा विकायला काढलं. पुंगळीला कुणी हातही लावला नव्हता. तोवर .२४३ घरोघर पोचलं होतं, आणि रेमिंग्टनला ते अंतर कधीच भरून काढता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात याच पिळाकडे वळू: पोलादी नळीच्या आत आटे पाडतात तरी कसे?