माशांच्या अंगावरील व्रण

दासगावच्या सावित्रींतून नुकताच काढलेला मासा हातांत ठरत नाहीं, हें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर हें त्याचें चिलखत होय. रोगजंतू त्यांत अडकतात व पाण्याबरोबर वाहून जातात. जाळ्याच्या घर्षणानें तो थर फाटला कीं रोगास वाट मिळते.

काश्मीर व निलगिरी येथील थंड पाण्यांत पाळलेल्या ट्राउट माशांच्या अंगावर अशा जखमेंत कापसासारखी बुरशी धरते. आपल्या कोंकणच्या उष्ण पाण्यास ट्राउट मानवत नाहीं. परंतु तळ्यांतील मरळ व मृगळ यांस याहून भयंकर असा व्रणरोग जडूं शकतो. प्रथम तांबडे ठिपके उठतात, मग खवले गळतात आणि मांसापर्यंत खोल व्रण पडतो.

हा रोग १९७१ सालीं जपानांत प्रथम आढळला आणि १९८८ सालीं ईशान्य भारतांत शिरला. ‘अफॅनोमायसीस’ नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव त्याचें मूळ आहे. अतिवृष्टीनंतर पाणी थंड व आंबट झालें म्हणजे तो बळावतो. खारें पाणी त्यास सोसत नाहीं. म्हणून भरतीचें पाणी खाडींतील माशांचें रक्षण करितें. मात्र महापुरानें खाडी गोडी झाली कीं तेंही रक्षण सुटतें.

ईशान्येस हा रोग पसरला तेव्हां लोकांनीं भयानें मासे घेणेंच सोडलें. निरोगी मासे धरणाऱ्या गरिबांचाही माल पडून राहिला. वस्तुतः हा रोग माणसांस होत नाहीं. व्रण पडलेला मासा खाऊं नये हें खरें; पण त्यापायीं सर्व मासळी टाकणें हा अविचार होय.

उपाय साधे आहेत. उन्हाळ्यांत तळें सुकवावें, तळाशीं चुना टाकावा व बीज पारखून आणावें. भुवनेश्वर येथील गोड्या पाण्यांतील मत्स्यसंशोधन संस्थेनें ‘सिफॅक्स’ नांवाचें औषधही तयार केलें आहे. मेलेले मासे चुना घालून पुरावे.

पालकांस एवढीच विनंती कीं, आपल्या तळ्यांत असा मासा दिसल्यास नुकसानीच्या भीतीनें तो लपवूं नये, अथवा उरलेले मासे दुसऱ्याच्या तळ्यांत सोडूं नयेत. मत्स्यखात्यास कळवावें. एकानें लपविलेला व्रण उद्यां साऱ्या गांवाच्या पाण्यांत उघडा पडतो.