हौसेला मोल असतं!

'हौसेला मोल नसते' असे आपण सहज म्हणून जातो. पण हौसेची वस्तू घ्यायची वेळ आली की पहिला प्रश्न मोलाचाच विचारतो. मीही तेच केले, आणि त्याची किंमत माझ्या लेकीने चार महिने मोजली. तुमच्यापैकी कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरात दोन भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, मराठी. सासर बैलहोंगलकडचे, कन्नड. अत्ती पहाटे वचने गुणगुणत कामाला लागतात आणि त्यांची नात संध्याकाळी अभंग शिकायला जाते. एक दिवस गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आता घरी पेटी हवी हं. डिसेंबरात परीक्षेला बसवू या."

बेळगावला पेटीचे महत्त्व कुणी सांगायला नको. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी याच गावात राहून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवले. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, पण आपल्याकडच्या भजनातून आणि नाटकातून तिला कुणी उठवू शकले नाही. तेव्हा पेटी घ्यायची हे ठरलेच. प्रश्न होता तो कुठून, याचा.

गावातल्या जुन्या दुकानात चौकशी केली. सागवानी, दोन सुरांची पेटी सोळा हजार. दुकानदार आणखी काहीबाही सांगत होते, पण सोळा हजार ऐकल्यावर माझे कान बंद झाले होते! घरी येऊन मोबाइलवर पाहिले तर तशीच दिसणारी पेटी साडेआठ हजारांत. नऊ स्टॉप, खोळ फुकट, पुस्तक फुकट, शिवाय घरपोच.

अत्तींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि एवढेच विचारले, "बाळिके बरतैतेनु?" टिकेल का? मी हसून विषय बदलला.

चूक कुणाची?

एप्रिलमध्ये पेटी आली. हळदकुंकू वाहिले, फोटो काढले, सगळे झाले. जूनमध्ये आपला बेळगावचा पाऊस सुरू झाला आणि पेटी रंग दाखवू लागली. एक पट्टी दाबली की वर येईना. दुसरी न दाबताच वाजे. भाता कितीही मारला तरी दोन ओळींत दम संपे.

तिकडे बाईंची तक्रार सुरू झाली, की मुलीचा सूर हलतोय, घरी रियाज होत नाही वाटते. मी तिला रागावले. रोज अर्ध्या तासाचा तास केला. पोर पेटीवर बोट ठेवून तोच सूर पुन्हा पुन्हा लावायची आणि बाईंकडे गेली की पुन्हा बोलणी खायची. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिने पेटीवर खोळ घातली आणि म्हणाली, "मला गाणं येत नाही, आई. मी नाही जाणार."

अत्ती शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले. "हुडगीदल्ल तप्पु, पेटीदु," म्हणाल्या. चूक पोरीची नाही, पेटीची आहे. त्या पेटी वाजवत नाहीत, सा-रे-ग-मही शिकलेल्या नाहीत. पण पन्नास वर्षे वचने म्हणणारा तो कान होता.

विकणाऱ्याला फोन केला. उत्तर ठरलेले होते. परत करायची मुदत सात दिवसांची होती. लाकूड आहे, पावसात असे होतेच. तुमच्या खर्चाने पाठवा, मग पाहू. प्रत्येक वेळी फोनवर नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून कहाणी!

पेटी उघडल्यावर

शेवटी शहापुरातल्या एका बोळात पेटी दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वरची फळी काढली आणि लेकीलाच जवळ बसवून घेतले. नऊ स्टॉपपैकी चार नुसते शोभेचे होते, त्यांना आत काही जोडलेलेच नव्हते. लाकूड नीट वाळवलेले नसल्यामुळे पावसाळ्यात फुगले आणि पट्ट्या एकमेकींना घासू लागल्या. भात्याच्या घडीतून हवा गळत होती. आणि मुख्य म्हणजे खर्ज आणि नर हे दोन्ही सूर एकमेकांशी जुळलेले नव्हते, त्यामुळे आवाजात लाटा येत होत्या.

काकांनी पितळेचा सूर हातावर ठेवून दाखवला. त्याची जीभ टोकाशी थोडी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. "बाळ, तू बरोबर गात होतीस. चुकीच्या पेटीबरोबर बरोबर गात होतीस," ते म्हणाले. लेकीने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पेटी घेताना काय पाहायचे, तेही काकांनी शिकवले. भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. हवा भरभर उतरली तर गळती आहे. एखादा सूर आपोआप वाजला तर पट्टी नीट बसत नाही. मग अगदी कमी हवेत एकेक पट्टी दाबून पाहा, सूर चटकन बोलला पाहिजे. प्रत्येक स्टॉप उघडून आवाजात काय फरक पडतो ते ऐका. दोन्ही सूर एकत्र वाजवून लाटा येतात का पाहा. आणि शक्यतो शिकवणाऱ्यांना बरोबर न्या.

बिल जपून ठेवा

काकांकडून आल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल आणि काकांनी लिहून दिलेले दोष जोडले. पंधरवड्याने विकणाऱ्याचा स्वतःहून फोन आला आणि दुरुस्तीचा निम्मा खर्च मिळाला. तसे झाले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता होताच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. विकणाऱ्याची सात दिवसांची मुदत ही त्याची सोय असते. सदोष मालाबद्दलचा आपला हक्क तेवढ्याने संपत नाही.

आता हिशेब. साडेआठ हजारांची पेटी, दुरुस्ती बत्तीसशे, त्यातले सोळाशे परत. म्हणजे दहा हजार शंभर. आकड्यांनी पाहिले तर सोळा हजारांपेक्षा ती अजूनही स्वस्तच! पण त्या वहीत पोरीचे चार महिने कुठे लिहू? आणि मी विनाकारण बोललेले शब्द?

परवा त्या जुन्या दुकानावरून जाताना मुद्दाम आत डोकावले. त्या दिवशी काय सांगत होतात, विचारले. सोळा हजारांत वर्षभर दोनदा सूर मिळवून देणे धरलेले होते, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळ्यात. पट्टी अडकली तर केव्हाही घेऊन यायचे. मी तेवढे ऐकायला थांबले असते तर!

आपण सीमाभागातली माणसे या बाबतीत भाग्यवान आहोत. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती मिरज रेल्वेने काही तासांवर आहे. गावात दुरुस्त करणारे हात अजून आहेत. पण आपण त्यांच्याकडे फक्त बिघडलेल्या वस्तू नेणार असू, तर ते हात किती दिवस राहतील?

लेक पुन्हा गाऊ लागली आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पेटी पुन्हा दाखवायला काकांनी बोलावले आहे. आता तिला तबल्याच्या साथीने गायचे आहे, म्हणून धाकट्याने तबल्याचा हट्ट धरलाय. काल रात्री त्याने मोबाइलवर एक जोडी शोधून आज्जीला दाखवली.

अत्तींनी चष्मा लावला. त्या काही बोलायच्या आत मीच विचारले, "बाळिके बरतैतेनु?"