मेंदू जुळवून घेतो तेव्हा

बाळांनो, काल मीरा रोड स्टेशनाबाहेर एक माणूस झोकांड्या देत चालला होता. तुम्ही हसलात, पण धाकटीनं विचारलं, "आजोबा, दारू तर पोटात जाते, मग पाय का लटपटतात?"

अगं, पोटातली दारू रक्तात उतरते आणि रक्तातून मेंदूत जाते. मेंदू रक्तातले कितीतरी पदार्थ आत घेत नाही. पण दारूचा रेणू एवढासा, तो सहज शिरतो. डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू असतो. तोल सांभाळणं त्याचं काम. तो मंदावला की पाऊल वाकडं पडतं. फार प्यायल्यावर आठवणी नोंदवणारा भागही थांबतो. सकाळी रात्रीचं आठवत नाही, कारण नोंदच झालेली नसते!

सिगारेट-बिडीचंही तसंच. झुरका घेतला, की तंबाखूतलं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत. आपली लोकल स्टेशनात थांबते, तेवढ्यात! तिथे डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. रोज निकोटिन आलं, की ते पकडणाऱ्या जागा मेंदू वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की माणूस कासावीस होतो.

दारूचं याहून भयंकर. ती मेंदूला रोज दाबते, म्हणून मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. केवढी ही जुळवून घेण्याची ताकद! पण वर्षानुवर्षं खूप पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर दाब जातो आणि ते चेतवणं तेवढं उरतं. हात थरथरतात, भास होतात, फिट येते, प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाला खोलीत कोंडून "सोड आता" म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते व्यसनी माणसाला आजारी माणूस मानूनच. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आपल्या महाराष्ट्रात 25 वर्षांखालच्यांना कडक दारू घेता येत नाही. कपाळामागचा, 'थांब, विचार कर' सांगणारा मेंदू पक्का व्हायलाही साधारण तितकीच वर्षं लागतात. म्हणून कोवळ्या वयातला घोट आणि झुरका जास्त महागात पडतो.

आणि सिगारेट सोडली, की वाढलेल्या त्या जागा काही आठवड्यांत पुन्हा कमी होतात. काकांनी सिगारेट सोडली आहे; सध्या ते चिडचिड करतात ना, ती त्या रिकाम्या जागांमुळेच. तोवर त्यांना सांभाळून घ्या.