रॉकच्या जलशांतील श्रोता



"जें संगीत घरीं आरामखुर्चींत बसून, हवें तेव्हां आणि हव्या तेवढ्या आवाजांत ऐकतां येतें, तेंच ऐकण्यासाठीं हजारों रुपये मोजून, तासच्या तास उन्हांत उभें राहून आणि अनोळखी माणसांचे धक्के खाऊन तुम्ही मिळवतां तरी काय?" हा प्रश्न गेलीं पस्तीसांहून अधिक वर्षें आमच्या घरांत मला विचारला जात आहे. आरंभीं तो वडील विचारीत. पुढें पत्नी विचारूं लागली. प्रश्न रास्त आहे. रॉक संगीताची ध्वनिमुद्रिका ही पुष्कळदां महिनेच्या महिने खपून, एकेक वाद्य निराळें मुद्रित करून आणि चुका पुसून तयार केलेली वस्तु असते. प्रत्यक्ष जलशांत गायकाचा आवाज बसलेला असतो, गिटारीची तार उतरते, आणि गाण्याचे अर्धेअधिक शब्द कळतच नाहींत. निर्दोषपणा एवढाच निकष लावावयाचा असेल तर ध्वनिमुद्रिकाच सरस ठरेल, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. तरीहि मी जातों. कां जातों, हें आज आपल्याला सांगावें असा विचार आहे. त्याबरोबरच या छंदाची मला जी किंमत द्यावी लागली तीहि सांगणार आहे. कारण ती टाळतां येण्याजोगी होती.

पहिला जलसा मीं ऐकला तो मुंबईंत धोबीतलावाजवळच्या रंगभवनांत. उघड्या आकाशाखालचें हें नाट्यगृह झेवियर महाविद्यालयाच्या शेजारीं आहे. १९८० सालीं 'द पोलीस' हा इंग्लंडचा संच तेथें वाजवून गेला होता, आणि १९८६ सालीं सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक जलसा बरींच वर्षें तेथें भरत असे. मी तेव्हां महाविद्यालयांत शिकत होतों. रॉक संगीत म्हणजे आमच्या घरच्या लहानशा टेपरेकॉर्डरमधून, घासून गेलेल्या कॅसेटींवरून येणारा किरकिरा आवाज, एवढीच माझी समजूत होती. त्या सायंकाळीं ड्रमचा पहिला ठोका पडला, आणि तो कानांनीं ऐकला असें म्हणण्यापेक्षां छातीनें ऐकला असें म्हणणेंच अधिक खरें होईल. पायांखालची फरशी थरारली. शेजारचा मित्र कांहीं बोलत होता. त्याचे ओठ तेवढे हलतांना दिसले.

या अनुभवांत गूढ असें कांहीं नाहीं. मोठ्या ड्रमचा किंवा बेस गिटारीचा खर्जांतला ध्वनि सेकंदाला पन्नासेक कंपनांचा असतो. अशा ध्वनीची एक लाट हवेंत जवळजवळ सात मीटर लांब असते. ती पुरेशा जोरानें उठवावयाची तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि त्यासाठीं मोठ्या पडद्यांचे लाउडस्पीकर लागतात. घरच्या लहान यंत्रांत तो सूर जवळजवळ नसतोच. आपलें मन तो कल्पनेनें भरून काढतें. गणपतीच्या मिरवणुकींत ढोलताशांच्या पथकाजवळ जे उभे राहिले असतील, त्यांना मी काय म्हणतों हें चटकन् कळेल. ध्वनिमुद्रिकेंत जें नाहीं त्यांतलें पहिलें हें: जलशांत संगीत शरीरानें ऐकावयाचें असतें.

परंतु आवाज मोठा करणें ही हौस नव्हती, ती आरंभीं निकड होती. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें बीटल्सचा जलसा झाला. श्रोते पंचावन्न हजारांहून अधिक होते. गिटारींसाठीं शंभर शंभर वॅटचे ध्वनिवर्धक मुद्दाम बनविले होते. गाणें मात्र मैदानावरील सूचना देण्याच्या लाउडस्पीकरांतून जात होतें. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत तें सारें बुडून गेलें. वादकांना स्वतःचेंच वादन ऐकूं येईना. एका वर्षानें, ऑगस्ट १९६६ मध्यें, सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर बीटल्सनीं असे दौरे कायमचे सोडून दिले, त्याच्या कारणांपैकीं हें एक होतें.

पुढच्या आठदहा वर्षांत या अडचणीवर उपाय निघाले. १९६९ सालच्या वुडस्टॉकच्या उत्सवांत, एका शेतकऱ्याच्या कुरणावर जमलेल्या लाखों लोकांपर्यंत आवाज पोंचविण्याचें काम बिल हॅन्ली यांनीं उंच मनोऱ्यांवर लाउडस्पीकर चढवून केलें. १९७४ सालीं 'ग्रेटफुल डेड' या संचानें तर सहाशेंहून अधिक लाउडस्पीकरांची भिंतच आपल्या पाठीमागें उभी केली. प्रत्येक वाद्याची वाट निराळी, आणि वादकांना ऐकूं येई तेंच श्रोत्यांनाहि. ती भिंत हलविण्याचा खर्च इतका कीं त्याच वर्षीं ती मोडावी लागली. पण स्वच्छ आवाज हा श्रोत्याचा हक्क आहे, ही कल्पना मात्र मागें राहिली.

आजच्या मोठ्या मैदानांवर श्रोत्यांच्या मधोमध मनोरे दिसतात, त्यांचें रहस्य सांगण्याजोगें आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. सर्व आवाज व्यासपीठावरूनच सोडला तर मागच्यांना ऐकूं येण्यासाठीं पुढच्यांचे कान फोडावे लागतील. म्हणून मागच्यांसाठीं निराळे लाउडस्पीकर मनोऱ्यांवर लावतात. पण येथें नवी अडचण येते. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर वेगानें जातो. तारेंतून जाणारी वीज मात्र तत्काळ पोंचते. व्यासपीठापासून १०० मीटरांवर बसलेल्या श्रोत्याला मनोऱ्यावरचा सूर आधीं आणि व्यासपीठावरचा तोच सूर जवळजवळ एकतृतीयांश सेकंदानें मागाहून, असा दोनदां ऐकूं येईल. यासाठीं मनोऱ्याकडे जाणारा सूर यंत्रानें तितकाच वेळ मुद्दाम अडवून धरावा लागतो. १५ डिसेंबर १९१९ नव्हे, २०१९ रोजीं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्यें 'यू टू' हा आयर्लंडचा संच आला, तेव्हां मी बराच मागें बसलों होतों. पडद्यावर ड्रमवर काठी पडलेली दिसे आणि ठोका क्षणभर मागून येई. आकाशांत वीज आधीं दिसावी व गडगडाट नंतर यावा, तसाच हा प्रकार.

आतां दुसरी, आणि मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जलशांत श्रोता हा नुसता ऐकणारा राहत नाहीं. आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकांनीं 'वन्स मोअर' देऊन एकेक पद कितीतरी वेळ रंगविलें. तेथेंहि प्रेक्षक हा प्रयोगाचा भागीदारच होता. रॉकच्या जलशांत ही भागीदारी हजारोंनीं वाढते. १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांसाठीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जो कार्यक्रम झाला, त्यांत 'क्वीन' या संचाला सुमारें वीस मिनिटें मिळालीं होतीं. गायक फ्रेडी मर्क्युरी यांनीं शब्दांवांचून नुसत्या आलापाचे लहान लहान तुकडे टाकले आणि सत्तरेक हजार श्रोत्यांनीं ते जसेच्या तसे परत केले. कोणीं तालीम घेतली नव्हती. नेरूळच्या त्या रात्रीं गायक मध्येंच थांबला, आणि माझ्या पुढें, मागें, बाजूला सर्वत्र गाणें चालूच राहिलें. माझा गळा बेसूर आहे. घरीं मला कोणी गाऊं देत नाहीं. तेथें मात्र माझा बेसूरपणा हजारोंच्या आवाजांत विरघळून गेला, आणि जें उठलें तें सुरेल होतें. हें घरच्या आरामखुर्चींत मिळत नाहीं.

या श्रोत्यांच्या उत्साहाची एक गोष्ट आपल्याकडील संगीताशीं जोडलेली आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पं. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनीं बांगला देशांतील निर्वासितांच्या मदतीसाठीं जलसा केला. सतार, सरोद आणि तबला जुळवून झाले तोंच सभागृहांत टाळ्यांचा कडकडाट झाला! जुळणी इतकी आवडली असेल तर प्रत्यक्ष वादन अधिकच आवडेल, अशा अर्थाचें रविशंकरांनीं हंसून सांगितलें. या प्रसंगावर आपण हंसतों. पण ते श्रोते जें कळत नव्हतें तेंहि प्रेमानें घ्यावयास आले होते, हें विसरूं नये.

असो. आतां किंमतीकडे वळतों. एका जलशांत, पुढच्या रांगेचा हव्यास धरून, मी लाउडस्पीकरांच्या अगदीं समोर तीन तास उभा राहिलों. बाहेर पडलों तेव्हां कानांत कापूस कोंबल्यासारखें वाटत होतें आणि एक बारीक शिट्टी वाजत होती. मित्र म्हणाले, सकाळपर्यंत थांबेल. उजव्या कानांतली थांबली. डाव्या कानांतली आजपर्यंत थांबलेली नाहीं. हें भाषण करतांना या स्टुडिओच्या निःशब्द खोलींत ती मला स्पष्ट ऐकूं येत आहे.

त्याचें कारण असें. आंतल्या कानांत शंखाच्या आकाराचा एक भाग आहे आणि त्यांत सुमारें १५,००० केशपेशी आहेत. ध्वनीच्या कंपनांचें मज्जातंतूंना कळेल अशा संदेशांत रूपांतर करणें हें त्यांचें काम. त्या मेल्या कीं माणसाच्या शरीरांत पुन्हां उगवत नाहींत. कारखान्यांतील कामगारांसाठीं जी मर्यादा सर्वसाधारणपणें सुरक्षित मानतात ती ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. डेसिबलचा हिशेब साधा नसतो. दर ३ डेसिबलांना ध्वनीची शक्ति दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं जलशांच्या जागांसाठीं १०० डेसिबलची सरासरी ही कमाल मर्यादा सुचविली. तेवढ्या आवाजांतहि तीन तास उघड्या कानांनीं काढणें धोक्याचेंच. 'द हू' या संचाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनीं आपल्या कानांची हानि जाहीरपणें सांगितली, आणि तरुण वादकांना सावध करण्याच्या कार्यास साहाय्य केलें. उपाय सोपा आहे. कानांत घालावयाचे रबरी बोळे आवाज पंधराएक डेसिबलनें उतरवितात, म्हणजे १०० चे ८५ होतात.

दुसरा धोका गर्दीचा. ३ डिसेंबर १९७९ रोजीं अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं 'द हू' याच संचाच्या जलशाच्या दारांत अकरा जणांचा प्राण गेला. बहुतेक जागांना क्रमांक नव्हते, जो आधीं शिरेल त्याला पुढची जागा. आणि एवढ्या लोकांसाठीं उघडलेलीं दारें मात्र थोडीं. अशा गर्दींत माणूस तुडविला जाऊनच मरतो असें नाहीं. छातीवरील दाबामुळें उभ्या उभ्याच श्वास कोंडतो. म्हणून मी आतां आंत शिरतांच बाहेर जाण्याचे दोन मार्ग पाहून ठेवतों. हात वर करतां येईनासे झाले कीं तेथें थांबत नाहीं. लोटाशीं झुंजत न बसतां, हात छातीपुढें धरून, लोट ओसरला कीं तिरप्या दिशेनें कडेला सरकतों.

आणि तिसरी गोष्ट, बाहेरच्यांच्या कानांची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रुग्णालयें, शिक्षणसंस्था आणि न्यायालयें यांच्या भोंवतालीं किमान १०० मीटरांचा परिसर शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद केली. रंगभवन अशाच परिसरांत होतें; या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तेथील जलसे बंद पडले. त्या दिवशीं मी हळहळलों. परंतु जवळच्या रुग्णालयांत कोणी आजारी माणूस डोळे मिटून पडला असेल, त्याला माझा आनंद ऐकण्याची सक्ति कां व्हावी, या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आतां तर रात्रीं अंथरुणावर पडल्यावर, थांबवितां न येणारा आवाज म्हणजे काय, हें मी जाणतों.

जानेवारी २०२५ मध्यें नेरूळलाच 'कोल्डप्ले' या संचाचे तीन जलसे झाले. माझी कन्या पहिल्यानेंच एकटी, मैत्रिणींबरोबर, निघाली. मनगटावर बांधावयाचे दिवे प्रत्येकाला मिळतात आणि सारें मैदान गाण्याबरोबर उजळतें, याचेंच तिला कौतुक. मीं तिच्या हातावर रबरी बोळ्यांची डबी ठेवली. तिनें तोंड वांकडें केलें; पण डबी नेली. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती परत आली तेव्हां आवाज पार बसला होता. मीं विचारलें, "कानांत शिट्टी वाजते आहे का?" ती म्हणाली, "नाहीं हो बाबा. आणि बोळे घातले तरी ठोका छातींत लागतोच कीं!"

तें ऐकून मला बरें वाटलें. रंगभवनांत मला जें मिळालें तें तिला पुरतें मिळालें होतें, आणि त्यासाठीं तिला कांहींच गमवावें लागलें नव्हतें.