गोल हिऱ्याची पारख

अंगठीसाठी हिरा घेणाऱ्या ग्राहकापुढे जोहरी पुष्कळदा दोन खडे ठेवतो. दोन्ही गोल, दोन्ही पांढरे, आणि दोहोंसोबत प्रयोगशाळेचे एकेक प्रमाणपत्र. समजा, एकाचे वजन १.०० कॅरट आहे व दुसऱ्याचे ०.९३. पहिल्याची किंमत बरीच अधिक सांगितली जाते, कारण त्याने एक कॅरटचा उंबरठा गाठलेला असतो. परंतु प्रमाणपत्रावरील मापे वाचली तर निराळेच चित्र दिसू शकते. पहिल्या खड्याचा व्यास ६.२७ मिलिमीटर, खोली व्यासाच्या ६५ टक्के आणि कड जाड; दुसऱ्याचा व्यास ६.३० मिलिमीटर व खोली ६१ टक्के. म्हणजे वजनाने हलका असलेला हिराच बोटावर किंचित मोठा दिसणार! पहिल्या खड्यातील जादा वजन त्याच्या पोटात, दृष्टीआड दडलेले आहे आणि ग्राहक त्याचेही पैसे मोजणार आहे.

वजनाचा हा मोह जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिऱ्याचे वजन तांदळाच्या दाण्यांत दिले असून, वजन घटत जाते त्याहून कितीतरी वेगाने किंमत घटत जाते, असा हिशेब तेथे मांडला आहे. आजही तेच आहे. फक्त तांदळाच्या जागी कॅरट आला. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे प्रमाण १९०७ मध्ये मान्य झाले. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना ज्या सुरतेत पैलू पडतात, तेथील कारखानदारालाही अर्धा कॅरट, एक कॅरट अशा टप्प्यांच्या खाली घसरणे परवडत नाही. कच्च्या खड्यातून थोडे अधिक वजन वाचवायचे, तर तळ खोल व कड जाड ठेवणे हा सोपा मार्ग असतो. यात फसवणूक नाही, कारण मापे कागदावर उघड लिहिलेली असतात. ती वाचणारे ग्राहक मात्र थोडे.

वजन की तेज, हा प्रश्न कोहिनूरच्या बाबतीत फार ठळकपणे पुढे आला. १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात तो ठेवला गेला, तेव्हा त्याची चमक पाहून प्रेक्षकांची निराशा झाली. भारतीय कारागिरांनी त्याचे वजन राखले होते. युरोपीय डोळ्याला झगमगाट हवा होता. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले आणि सुमारे १९१ मेट्रिक कॅरटचा तो हिरा १०५.६ कॅरटवर आला. एवढे गमावूनही तो लंबगोलच राहिला. सर्वांत अधिक तेज देणारा आकार म्हणून पुढे गोल हिऱ्याचीच निवड झाली.

या तेजाचे मूळ भूमितीत आहे. हिऱ्याचा वक्रीभवनांक सुमारे २.४२ असल्यामुळे त्याचा क्रांतिक कोन अवघा २४.४ अंशांचा आहे. काचेचा तो ४२ अंशांच्या आसपास असतो. म्हणून आत शिरलेला किरण सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. खालच्या पैलूंवर तो परावर्तित होतो, समोरच्या बाजूवर पुन्हा परावर्तित होतो आणि वरून बाहेर पडताना अपस्करणामुळे त्याचे रंग फाकतात. गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात. तळाचे टोक घासून सपाट केले असेल तर ५८. माथ्याच्या सपाट पैलूला व्यापारात ‘टेबल’, वरच्या भागाला ‘क्राउन’, खालच्या निमुळत्या भागाला ‘पॅव्हिलियन’ आणि कडेला ‘गर्डल’ म्हणतात. पॅव्हिलियन फार खोल असला की पुष्कळ प्रकाश तळातून निसटतो आणि मध्यभाग काळवंडतो. तो फार उथळ असला तर टेबलातून पाहताना कडेचे करडे वर्तुळ दिसते. त्याला ‘फिश-आय’, म्हणजे माशाचा डोळा, असे नाव आहे.

१९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्की या हिरे-व्यवसायाच्या घराण्यातील तरुण अभियंत्याने ही भूमिती गणिताने मांडली. टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश, असे त्याचे उत्तर होते. ते वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. क्राउन थोडा चढा असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ चालतो, अशा अनेक जोड्या उत्तम ठरतात, असे नंतरच्या संशोधनात आढळले. महत्त्व एका आकड्याला नसून दोन कोनांच्या मेळाला आहे. दोन्ही कोन एकदमच चढे असतील, उदाहरणार्थ ३६ आणि ४१.८ अंश, तर तो खडा बाजूला ठेवलेला बरा.

प्रमाणपत्राची आजची पद्धत अमेरिकेतील ‘जीआयए’ या संस्थेने रूढ केली. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९५३ मध्ये रंग व निर्मळपणा यांच्या श्रेणी ठरवल्या. रंगाची श्रेणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत जाते. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही अक्षरे बाजारात पूर्वीच इतकी स्वैर वापरली जात होती की, ती मुद्दाम टाळली गेली. येथे एक गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही: रंग ठरवताना हिरा पालथा ठेवून नमुन्याच्या खड्यांशी ताडला जातो, अंगठीत मात्र तो माथ्याकडून पाहिला जातो. ‘जी’ आणि ‘एफ’ यांतला फरक बोटावर, तोही पिवळ्या सोन्यात, ओळखणे जवळजवळ अशक्यच. निर्मळपणाच्या ११ श्रेणी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतात. ‘व्हीव्हीएस-१’ आणि ‘व्हीएस-२’ यांतला फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण किमतीत चांगलाच जाणवतो. ‘एसआय’ श्रेणीत मात्र सावध राहावे. टेबलाखाली मधोमध असलेला काळा ठिपका आणि कडेला कोंदणाच्या नखीखाली झाकला जाणारा ठिपका यांची श्रेणी एकच असू शकते. कडेपर्यंत पोचलेली भेग कोंदण बसवताना धोक्याची ठरू शकते. म्हणून श्रेणीपेक्षा आकृती पाहावी आणि खाली बारीक अक्षरांत दिलेला शेराही वाचावा.

गोल हिऱ्याच्या घडणीची श्रेणी जीआयएच्या प्रमाणपत्रावर २००६ पासून येऊ लागली. ‘एक्सलंट’ हा शेरा चांगला खरा, पण त्याचे क्षेत्र बरेच रुंद आहे. शिवाय कागदावरील कोन म्हणजे आठ पैलूंची सरासरी, आणि तीही पूर्णांकित केलेली. पॅव्हिलियनचा कोन ०.२ अंशाच्या, क्राउनचा ०.५ अंशाच्या टप्प्याने. त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणारे दोन हिरे डोळ्याला सारखे दिसतीलच असे नाही. कागदाने नको ते खडे गाळावेत. उरलेल्यांतून निवड डोळ्याने करावी. दुकानातील प्रखर दिव्याखाली सुमार हिराही लखलखतो, म्हणून दोन्ही खडे खिडकीपाशी न्यावेत, शेजारी ठेवून हळूहळू कलते करावेत. जेथे सावली साचून राहते तेथे प्रकाश निसटतो आहे, असे समजावे.

तुलना करताना दोन्ही प्रमाणपत्रे एकाच प्रयोगशाळेची असावीत. अक्षरे सारखी असली तरी ती देणाऱ्यांचा काटेकोरपणा सारखा नसतो. प्रमाणपत्र किंमत सांगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खडा भूगर्भातला की प्रयोगशाळेत वाढवलेला, ही नोंद प्रथम पाहावी. दोन्ही खरे हिरेच आहेत, नुसत्या भिंगाने भेद कळत नाही, पण किमतीत मोठे अंतर असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांना रंग व निर्मळपणाची जुनी अक्षरे न देता केवळ ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ असे दोन वर्ग ठेवण्याचे जीआयएने २०२५ मध्ये जाहीर केले.

हे सारे सुट्या खड्यावरच करावे. कोंदणात बसल्यावर हिरा तोलता येत नाही आणि त्याची कडही झाकली जाते. अनेक हिऱ्यांच्या कडेवर लेसरने प्रमाणपत्राचा क्रमांक कोरलेला असतो. तो भिंगातून एकदा पसंतीच्या वेळी वाचावा आणि कारागिराने तयार अंगठी हाती दिल्यावर, नख्यांच्या मधून दिसत असेल तर, पुन्हा एकदा.