टेलिफोटो भिंग

टेलिफोटो भिंग : दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा फिल्मवर मिळविण्यासाठी वापरण्यात येणारे व केंद्रांतराच्या मानाने आखूड असलेले संयुक्त भिंग. व्यवहारात दीर्घ केंद्रांतराच्या कोणत्याही भिंगाला हे नाव देतात. परंतु ते काटेकोरपणे बरोबर नाही.

या भिंगात पुढे अभिसारी व मागे अपसारी असे दोन भिंगगट असतात. उदा., १०० मिमी. केंद्रांतराच्या अभिसारी गटामागे ७० मिमी. अंतरावर ५० मिमी. केंद्रांतराचा अपसारी गट ठेवल्यास संयोगाचे केंद्रांतर २५० मिमी. होते, मात्र पुढील गटापासून फिल्मपर्यंतचे अंतर केवळ १४५ मिमी. भरते. टी. आर्. डॉलमायर (इंग्लंड) तसेच आडोल्फ मीटे व श्टाइनहाइल (जर्मनी) यांनी १८९१ च्या सुमारास स्वतंत्रपणे अशी भिंगे प्रचारात आणली.

३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यांत १३५ मिमी. भिंगाचा दृश्यकोन सु. १८°, तर ३०० मिमी. भिंगाचा सु. ८° असतो. ५०० मिमी. भिंगातूनही पूर्णचंद्राची प्रतिमा जेमतेम ४·५ मिमी. व्यासाची पडते, हे नवशिक्यास निराश करणारे सत्य होय.

स्वयंचलित केंद्रीकरण १९८५ नंतर रूढ होईपर्यंत हे काम हातानेच करावे लागे. टेलिफोटो भिंगाच्या बाबतीत ते विशेष अवघड असते. कारण वस्तूच्या पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा अत्यंत अरुंद असतो. शिवाय दृश्यदर्शकातील दुभंग-प्रतिमेचा एक अर्धा भाग सु. एफ/५·६ पेक्षा लहान रंध्राच्या भिंगाबरोबर काळवंडतो. अशा वेळी भोवतालच्या घासीव काचेवरच विसंबावे लागते. जुन्या भिंगांत रंध्राची दोन कडी असत : एकावर रंध्र आधी ठरवावयाचे, पूर्ण उघड्या रंध्राने केंद्रीकरण करावयाचे व छायाचित्र घेण्यापूर्वी दुसरे कडे फिरवून रंध्र मिटवावयाचे. पळत्या विषयामागे कडे फिरवीत बसण्याऐवजी अनुभवी छायाचित्रकार आधीच एक जागा निश्चित करीत. क्रिकेटमध्ये ती बहुधा यष्टींची असे. हात हलून प्रतिमा पुसट होऊ नये म्हणून २०० मिमी. भिंगास निदान १/२५० सेकंदाचा उद्‌भासनकाल द्यावा, असा व्यवहारातील ठोकताळा आहे.

केंद्रांतर वाढते तसा वर्णविपथनाचा दोष ठळक होतो व काळ्या फांदीच्या कडेला जांभळी किनार उमटते. यावर उपाय म्हणून कॅनन कंपनीने १९६९ मध्ये ३०० मिमी. भिंगात कृत्रिम फ्ल्युओराइट स्फटिक वापरला. हा स्फटिक तापमानाने अधिक प्रसरण पावतो. म्हणून अशा भिंगांचे कडे अनंत-खुणेच्याही थोडे पलीकडे फिरते. तो भिंगाचा बिघाड नव्हे.

मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत या भिंगांचा खरा शत्रू बुरशी होय. ती आतील काचांवर कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे पसरते व परावर्तनरोधी लेप कुरतडते. एकदा लेप गेला की, काच पुसूनही उपयोग होत नाही. बंद चामडी डबीत वर्षानुवर्षे ठेवलेली भिंगे अशीच निकामी होतात. हवाबंद पेटीत सिलिका जेलसह ठेवलेली व अधूनमधून वापरली जाणारी भिंगे दीर्घकाल टिकतात. आरसाविरहित अंकीय कॅमेऱ्यांत भिंगाचे बूड व संवेदक यांतील अंतर कमी असल्याने साध्या जोडकड्याच्या साहाय्याने ती त्यांवरही बसविता येतात.